सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग संध्याकाळी पापणी का पडते?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवते, वय ३६. गेल्या दिवाळीनंतर संध्याकाळी डावी पापणी जड व्हायला लागली, वाटलं झोप कमी पडतेय. मग स्कूटीवरून घरी येताना समोरच्या एका गाडीच्या दोन दिसायला लागल्या, एक डोळा झाकला की एकच दिसते. शेवटच्या तासाला आवाज नाकातून येतो, मुलं हसतात. भाकरी चावताना अर्ध्यात जबडा थकतो म्हणून रात्री भातच खाते. केस विंचरताना हात आपोआप खाली येतात. आणि सकाळी उठले की सगळं ठीक, हेच कुणाला पटत नाही. घरच्या डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं दिली, डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा बदलला, घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, मेंदूचा एमआरआय झाला, सगळं नॉर्मल. शेवटी टेन्शनची गोळी चालू केली. पावसाळ्यात घसा धरला तेव्हा अ‍ॅझिथ्रो ही अँटिबायोटिक घेतली, तो आठवडा सगळ्यात वाईट गेला. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, मिस्टर म्हणतात मोबाइल कमी कर. नेटवर वाचलं तर एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-नसांचा आजार) नाहीतर ब्रेन ट्यूमर. मला खरंच काही झालंय का मीच मनाला लावून घेतेय? आणि नोकरी सोडू का?

उत्तर :

ताई, आधी सरळ सांगते, तुम्ही मनाला लावून घेत नाहीये. मनाला लावून घेणारा माणूस इतकं नेमकं लिहीत नाही हो. कुठला डोळा, कितवा तास, भाकरी का भात, एक डोळा झाकल्यावर काय होतं, हे सगळं तुम्ही बघून ठेवलंय आणि माझ्या मते आत्तापर्यंतच्या सगळ्या फाइलींपेक्षा तुमच्या पत्रातच जास्त माहिती आहे. मी डॉक्टर नाही, न्यूरोच्या पेशंटना फिजिओथेरपी देण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे निदान मी करणार नाही आणि करूही नये. पण कुठे जायचं, काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं एवढं नक्की सांगू शकते.

पहिली गोष्ट तर तुमच्या यादीतच दिसतेय. घरचे डॉक्टर झाले, डोळ्यांचे झाले, घशाचे झाले, एमआरआय सेंटर झालं, टेन्शनची गोळीसुद्धा झाली, पण न्यूरॉलॉजिस्ट कुठेय? एकदाही नाही! आपल्याकडे हे फार होतं, एमआरआय झाला म्हणजे न्यूरोचं सगळं झालं असं लोक धरून चालतात आणि कधीकधी डॉक्टरपण. एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, म्हणजे कुठे गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, एमएसचे डाग आहेत का वगैरे. मेंदूपासून निघालेली नस शेवटी स्नायूला जिथे भेटते तिथे गडबड असेल तर ती कितीही महागड्या मशीनवर काढलेल्या मेंदूच्या फोटोत दिसणार नाही, कारण ती जागा मुळात डोक्यात नाहीच. तेव्हा नॉर्मल एमआरआयचा उपयोग एवढाच की ज्या दोन नावांनी तुमची झोप उडाली त्यांची शक्यता बरीच कमी झाली. आज रात्री झोपा.

आता तुमचंच पत्र मी तुम्हाला परत वाचून दाखवते.

एक डोळा झाकला की एकच दिसतं, हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्यासाठी पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते. चष्म्याच्या नंबरमुळे किंवा मोतीबिंदूमुळे दोन दिसत असतील तर बहुतेक वेळा दुसरा डोळा झाकला तरी दोनच दिसतात. कुठलाही एक डोळा झाकल्यावर एकच दिसत असेल तर एकेक डोळा आपापल्या जागी बरा आहे, दोन्ही मिळून एका रेषेत राहत नाहीयेत, म्हणजे डोळे फिरवणारे बारीक स्नायू कुठेतरी कमी पडतायत. चष्मा कितीदा बदलला तरी त्याने काय होणार? मग पापणी, जबडा, आवाज, खांदे. वरवर बघितलं तर पाच वेगवेगळ्या तक्रारी, म्हणून पाच दरवाजे झाले, पण पाचही ठिकाणी एकच चाललंय, स्नायू सुरुवातीला ठीक असतो, वापरला की थकतो, विश्रांती दिली की परत येतो. पहिल्या घासाला जबडा बरा, अर्ध्या भाकरीला नाही. पहिल्या तासाला आवाज बरा, शेवटच्याला नाही. आणि तुम्ही डॉक्टरकडे कधी गेलात? शाळेला सुट्टी टाकून, सकाळी, नंबर लवकर लागावा म्हणून, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात चांगल्या वेळी. त्यांना नॉर्मल बाई दिसली, त्यांनी नॉर्मल लिहिलं. त्यात त्यांचं फार चुकलं असंही नाही.

ज्या आजारात हा असा वेळेप्रमाणे चढउतार असतो त्याचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. नाव देताना जरा विचार केला, कारण तुम्ही लगेच नेटवर जाणार. पण हे नाव तुम्ही न्यूरॉलॉजिस्टला प्रश्न म्हणून विचारावं, 'हे असू शकतं का?' एवढ्यासाठीच देतेय, निकाल म्हणून नाही. यात होतं असं की नस स्नायूला हुकूम देताना अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते, ते स्नायूवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं आणि स्नायू हलतो. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या रिसेप्टरवर उलटली की जागा कमी पडतात, पहिले काही हुकूम पोचतात, पुढचे अर्धवट पोचतात. मेंदू शाबूत, नस शाबूत, स्नायूही शाबूत, मधला निरोपच पोचत नाही. म्हणून बाकीचे रिपोर्ट स्वच्छ येतात.

आणि हे काही आत्ताचं फॅड नाही बरं का. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६७२ मध्ये एका बाईचं वर्णन करून ठेवलंय, सकाळी ठीक बोलायची, पण खूप वेळ किंवा घाईघाईने बोलली की माशासारखी मुकी व्हायची आणि तासादोन तासांनी आवाज परत यायचा. ती शिक्षिका असती तर तुमचंच पत्र झालं असतं. मात्र नीट उपयोगी पडणारं औषध सापडायला त्यानंतर अडीचशेहून जास्त वर्षं गेली, १९३४ साली लंडनमध्ये ग्रिनिचच्या हॉस्पिटलात मेरी वॉकर या ज्युनिअर डॉक्टरने एका पेशंटला फायसोस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं आणि पडलेली पापणी वर आली. आज ज्या गोळ्या देतात त्या त्याच वळणाच्या. आपल्याकडे हे नाव लोकांनी ऐकलं ते अमिताभ बच्चनमुळे, १९८० च्या दशकात त्यांना हाच आजार झाल्याचं जाहीर झालं होतं, आणि त्यानंतर ते किती काम करतायत ते तुम्ही बघताच. हे मिस्टरांना सांगा, सिनेमावाल्याचं उदाहरण पटकन पटतं.

बी-१२ बद्दल दोन शब्द, कारण ती इंजेक्शनं आता आपल्याकडे प्रसादासारखी वाटतात. बी-१२ ची कमतरता आपल्याकडे, त्यातून शाकाहारी घरांत, खरंच भरपूर आहे आणि तिच्याने नसा खराब होतात हेही खरं, हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी होतात. पण तिचं चित्र वेगळं असतं, पायाच्या बोटांपासून मुंग्या, तळवे बधिर, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणं. सकाळी वर आणि संध्याकाळी खाली अशी पापणी बी-१२ मुळे होत नाही. रक्त तपासायच्या आधी इंजेक्शन दिलं असेल तर आता लेव्हल चांगलीच येणार, त्या आकड्यावर कुणी काही ठरवू नये. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते, हातापायाला मुंग्या येत असतील तर आधी रक्त द्या, मग सुई घ्या. डायबेटीससाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर जास्तच. आणि कातडीवर बधिर चट्टा असेल किंवा करंगळी वाकडी होऊ लागली असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, लाजू नका, हा आजार आपल्या राज्यातून अजून गेलेला नाही आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

तर तुम्ही आता काय करायचं. पुरावा गोळा करायचा. ज्या मोबाइलवरून बोलणी खाताय तोच कामाला लावा. सकाळी उठल्यावर खिडकीजवळ उभं राहून चेहऱ्याचा व्हिडिओ काढा, समोर बघा, मग मान न हलवता फक्त डोळे छताकडे करून मिनिटभर टिकवा, पापणी हळूहळू उतरते का ते त्यात दिसेल. मग पाठ्यपुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचा. संध्याकाळी शाळेतून आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, त्याच खिडकीत, तेच पान. उजेड कमी असेल तर दिवा लावा पण चेहरा नीट दिसू दे. असे चार-सहा दिवसांचे व्हिडिओ झाले की बास, डॉक्टरांना एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा दाखवायचा, पाच मिनिटांत जे तोंडाने सांगून पटत नाही ते यात पटतं. आधीचे जुने फोटोही बघा, मागच्या वर्षीच्या लग्नातले, गॅदरिंगचे. कितीतरी जणांची पापणी फोटोत कधीपासून पडलेली असते आणि घरात कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. वर्षभरात घेतलेल्या औषधांची तारखांसकट यादी करा, त्यात त्या अ‍ॅझिथ्रोवर गोल करा.

त्या अ‍ॅझिथ्रोचं कारण असं की मायस्थेनिया असेल तर काही औषधं नस आणि स्नायूमधला निरोप अजून कमी करतात, अ‍ॅझिथ्रोमायसिन त्यातलं एक, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घरातल्या गोळ्या दुसऱ्या, जेंटामायसिनचं इंजेक्शन, बीपीसाठीची काही औषधं, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम. नुसत्या तापा-खोकल्यानेही असा आजार उचल खातो, त्यामुळे तो वाईट आठवडा गोळीमुळे गेला का इन्फेक्शनमुळे हे सांगता येणार नाही, पण डॉक्टरांना कळलं पाहिजे. निदान होईपर्यंत मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणायची नाही. दाढ काढायला गेलात तरी दातांच्या डॉक्टरांना सांगायचं की असा संशय आहे. आणि ती टेन्शनची गोळी, तिचं नाव तुम्ही लिहिलं नाहीये, त्यातल्या काही गोळ्यांनी स्नायू अजून ढिले पडतात म्हणून न्यूरॉलॉजिस्टला पट्टी दाखवा, पण माझं वाचून आज रात्री एकदम बंद करू नका, त्याचाही त्रास होतो.

अपॉइंटमेंट शक्यतो संध्याकाळच्या ओपीडीची घ्या, शाळा करूनच जा. सुट्टी टाकून, आराम करून, पावडर लावून जाऊ नका. तुमच्याकडून मिरज, कोल्हापूर दोन्ही जवळ, न्यूरॉलॉजिस्ट तिथे आहेत, न्यूरोसर्जनकडे चुकून जाऊ नका, ते ऑपरेशन करणारे. डॉक्टर काय करतील याचा साधारण अंदाज देते म्हणजे घाबरायला होणार नाही. वर बघायला लावतील, हात समोर धरून ठेवायला लावतील, आकडे मोजायला लावतील. डोळ्याची बाहुली बघतील, मायस्थेनियात ती नॉर्मल असते. काहीजण हातमोज्यात बर्फ घालून मिटलेल्या पापणीवर दोनेक मिनिटं ठेवतात, गारव्याने पापणी वर आली तर ती मोठी खूण, आणि खर्च काय तर बर्फाचा. काही ठिकाणी निओस्टिग्मिनचं इंजेक्शन देऊन बघतात, ते डॉक्टरांसमोरच घ्यायचं असतं. मग रक्तात अ‍ॅसिटिलकोलिन रिसेप्टरच्या अँटिबॉडी, म्हणजे त्या रिसेप्टरवर उलटलेली प्रतिकारशक्तीची द्रव्यं, बघतात, त्याला काही हजार रुपये लागतात आणि सॅम्पल बाहेरगावी जात असल्याने रिपोर्टला वेळ लागतो. आणि आरएनएस नावाची टेस्ट, नसेला सेकंदाला दोन-तीन वेळा असे छोटे करंट देऊन स्नायूचा प्रतिसाद उतरतो का ते बघायची, १० टक्क्यांपेक्षा जास्त उतरला तर अर्थ निघतो. इथे एक गडबड हमखास होते ती सांगून ठेवते. नुसती एनसीएस करून पेशंट परत येतो, ती मुंग्या-बधिरपणावाल्यांची टेस्ट, तुमच्यासारखीत ती नॉर्मलच येणार आणि फाइलीत अजून एक नॉर्मल वाढणार. चिठ्ठीवर आरएनएस लिहिलंय का ते सेंटरवर पैसे भरायच्या आधी बघा.

अँटिबॉडी निगेटिव्ह आली तरी विषय संपत नाही हेही लक्षात ठेवा. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर जवळजवळ निम्म्या लोकांत ती निगेटिव्ह येते, बाकी अंगात पसरला असेल तरी सगळ्यांत सापडतेच असं नाही, मग मस्क नावाची दुसरी अँटिबॉडी बघतात किंवा सिंगल फायबर ईएमजी म्हणजे स्नायूच्या बारीक तंतूंची तपासणी करतात, ती मोजक्याच ठिकाणी होते. पॉझिटिव्ह आली तर छातीचा सीटी सांगतील, 'पापणीसाठी छातीचा कशाला?' म्हणून वाद घालू नका, छातीत थायमस नावाची ग्रंथी असते आणि या आजाराच्या १० ते १५ टक्के पेशंटमध्ये तिथे गाठ सापडते. थायरॉइडही बघतील, तो बिघडला तरी डोळे आणि स्नायू दोन्ही त्रास देतात. हे सगळं अ‍ॅपवरून पॅकेज बुक करून स्वतः करून घ्यायचं मात्र मनात आणू नका, टेस्टचा अर्थ तपासणाऱ्या हाताला लागतो.

मिरज-कोल्हापूरला उत्तर नाही मिळालं तर पुण्याला ससून, मुंबईला केईएम, नायर, जेजे आहेत, गर्दी प्रचंड पण डॉक्टरांनी असे पेशंट रोज बघितलेले असतात. तुमच्याकडून बंगळूरचं निमहान्स हे मेंदू-नसांचं सरकारी हॉस्पिटलही सोपं पडतं, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने निघालं की दुसऱ्या दिवशी सकाळी पोचता, आपल्या भागातले कितीतरी लोक जातात. उपचार महाग लागले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

आणि समजा न्यूरॉलॉजिस्टने सगळं बघून सांगितलं की हे मायस्थेनिया नाही, फंक्शनल आहे, तर? तेव्हाही रडत घरी यायचं नाही. फंक्शनल म्हणजे नाटक असं समजणारे अजून आहेत, डॉक्टरांतही आहेत, पण तो खरा आजार आहे, मेंदूचं काम करण्याचं तंत्र बिघडलेलं असतं, आणि त्याचं निदान 'काहीच सापडलं नाही म्हणून' करत नाहीत, अंगावर तपासून ठराविक खुणा दाखवून करतात. पायाच्या कमजोरीत वापरतात ती हूव्हरची खूण १९०८ पासून माहीत आहे. फिजिओथेरपीने असे पेशंट चालायला लागलेले मी स्वतः बघितलेत. तुमच्याबाबतीत माझा आक्षेप एवढाच की तपासणी न करताच टेन्शनचा शिक्का बसला. बाई, शिक्षिका, सासर, त्यात रिपोर्ट नॉर्मल, झालं, बसला शिक्का.

आता एक गोष्ट नीट वाचा आणि मिस्टरांनाही वाचायला द्या. पाणी पिताना नाकातून बाहेर यायला लागलं, घास अडकायला लागला, आडवं झाल्यावर दम लागायला लागला, किंवा मान सावरेना, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून सरळ आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात. घरी बघायचं असेल तर एका श्वासात एक, दोन, तीन असं मोजून बघा, आज किती होतात ते लिहून ठेवा, पुढे ते झपाट्याने कमी झाले आणि विसाच्या आतच मोजणं अडकायला लागलं तर ती धावपळ करायची वेळ. तसंच अचानक भयंकर डोकं दुखून पापणी पडली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, किंवा तोंड वाकडं होऊन बोबडी वळली, तरी तेच, तो वेगळा आणि तातडीचा प्रकार. आणि हो, दोन गाड्या दिसत असताना स्कूटी चालवू नका. एवढं मात्र मी हुकूम म्हणून सांगते. सहकारी कुणी असतील त्यांच्या मागे बसा, नाहीतर एसटी.

सासूबाईंशी भांडू नका, दृष्ट काढायची तर काढू दे, मीठ-मोहरीने औषधाला बाधा येत नाही. मात्र कुणी भस्माच्या पुड्या आणून दिल्या तर तूर्त थांबा. मिस्टरांना ओपीडीत बरोबर न्याच आणि बोलायचं काम थोडं त्यांना द्या, 'संध्याकाळी हिची पापणी पडते हे मी बघितलंय' असं दुसऱ्या माणसाने म्हटलं की डॉक्टर पेन उचलतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव, आवडो न आवडो.

नोकरीचं म्हणाल तर राजीनामा आत्ता अजिबात नाही. निदान व्हायच्या आधी सोडलीत तर मेडिकल रजा, बिलांची प्रतिपूर्ती जे काही तुमच्या शाळेत लागू असेल ते सगळं हातचं जाईल, आणि हा आजार निघालाच तर औषधावर बरेच जण पूर्ण वेळ काम करतात. हेडसरांना भेटून टाइमटेबलमध्ये तुमचे तास सकाळी घ्यायला सांगा, मधल्या सुट्टीच्या आधीचे, आणि शेवटच्या तासाला लेखी काम किंवा वाचन. कमरेला लावायचा छोटा स्पीकर-माइक मिळतो तो घ्या, आवाज ताणायला लागत नाही. हसणाऱ्या मुलांना एकदा खरं सांगून टाका की बाईंचा घसा संध्याकाळी थकतो, आठवी-नववीची मुलं वाटतात तेवढी वाईट नसतात, फळ्यावर लिहायला आपणहून पुढे येतील. हेडसर ऐकत नसतील तर न्यूरॉलॉजिस्टकडून दोन ओळींची चिठ्ठी मागा, पहिल्याच भेटीत मागा, नंतर फक्त तेवढ्यासाठी परत नंबर लावावा लागतो.